स्वाध्याय आणि मंडळ : सामूहिक वाचनाचे सुख आणि कसोटी

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• सामूहिक वाचनाची मराठीतील परंपरा उदाहरणांसह सांगता येईल;
• वाचक मंडळात साहित्यकृतीचा अर्थ कसा घडतो व कशामुळे अडतो, हे स्पष्ट करता येईल;
• स्वतःच्या गावी एखादे लहान वाचक मंडळ चालवून त्याची चिकित्सक नोंद लिहिता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचे वाचन हे बहुधा एकट्याचे वाचन असते. दिवसाचे काम आटोपल्यावर, घरात निजानीज झाल्यावर किंवा पहाटेची एस.टी. येण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात पुस्तक उघडले जाते. कादंबरीतले एखादे प्रकरण अडले, एखादी कविता मनात रुतून बसली, तरी त्याविषयी बोलायला शेजारी कोणी नसते. संपर्कसत्रे मोजकी असतात आणि त्यांतला बराचसा वेळ परीक्षेच्या प्रश्नांत जातो.

साहित्यविचारात 'वाचक' हा शब्द आपण बहुधा एकवचनात वापरतो. प्रस्तुत घटकात अनेक वाचक मिळून एकच पुस्तक वाचतात तेव्हा काय घडते, हे पाहायचे आहे. अशा गटाला कोठे वाचनकट्टा म्हणतात, कोठे पुस्तक भिशी. शहरांत 'बुक क्लब' हाही शब्द आता रुळला आहे. आपण येथे 'वाचक मंडळ' ही संज्ञा वापरू. विवेचनासाठी औंध आणि त्याच्या परिसराची उदाहरणे घेतली आहेत. तुम्ही ती आपापल्या गावाशी ताडून पाहावीत, अशी अपेक्षा आहे.

विषय-विवेचन

१. एका नावातील दोन शब्द

औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. पूर्वी ते पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्यातला आटपाडीसारखा भाग आता सांगली जिल्ह्यात येतो. संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले भवानी चित्रसंग्रहालय व ग्रंथालय आजही पाहायला मिळते.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे १९१८ च्या सुमारास औंधला स्थायिक झाले आणि तेथे त्यांनी 'स्वाध्याय मंडळ' ही संस्था चालवली. १९४८ मध्ये संस्थेचे बिऱ्हाड गुजरातेतील पारडी येथे हलले. पण तोवरची सुमारे तीन दशके औंधसारख्या आडगावातून संस्कृत पाठमालेची पुस्तके दूरदूरच्या वाचकांकडे जात होती. गुरूच्या घरी न राहता, पुस्तकातले धडे क्रमाने वाचून घरबसल्या संस्कृत शिकावे, अशी त्यांची रचना होती. 'दूरशिक्षण' हा शब्द तेव्हा नव्हता; गोष्ट मात्र होती.

आता संस्थेच्या नावाकडे पाहा. 'स्वाध्याय' म्हणजे आपला आपण केलेला अभ्यास. 'मंडळ' म्हणजे वर्तुळ, भोवती बसलेली माणसे. पहिला शब्द एकट्याचा, दुसरा अनेकांचा. वरवर पाहता या दोहोंत विरोध दिसतो. परंतु जो एकट्याने वाचून आलेला नाही, तो मंडळात नुसता ऐकणारा ठरतो. आणि जो कधीच मंडळात बसला नाही, त्याला आपल्या वाचनातील चूक कळण्याचा मार्ग उरत नाही. या घटकातील पुढचे सर्व विवेचन या जोडशब्दाभोवतीच आहे.

२. 'वाचणे' या क्रियापदात दडलेला आवाज

संस्कृतात 'वच्' म्हणजे बोलणे. त्याचे प्रयोजक रूप 'वाचयति', म्हणजे बोलायला लावणे. मराठीतील 'वाचणे' हे क्रियापद या रूपावरून आले आहे. तेव्हा मुळात वाचणे म्हणजे लिहिलेल्या मजकुराला बोलते करणे. आजही शिक्षणशास्त्रात आपण 'प्रकट वाचन' आणि 'मूकवाचन' असा भेद करतो. यांपैकी 'मूकवाचन' हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिला तर मोठा गमतीचा आहे : मुक्याने बोलते करणे!

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. 'वाचाल तर वाचाल' ही घोषणा ग्रंथालयांच्या भिंतींवर तुम्ही पाहिली असेल. तिच्यातील दुसऱ्या 'वाचाल'चा, म्हणजे तगून राहण्याच्या अर्थाचा, बोलण्याशी संबंध नाही. जुन्या लेखनात तो शब्द 'वांचणे' असा अनुस्वार देऊन लिहीत. उच्चारातले नासिक्य आधीच गळाले होते. १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार लेखनातूनही काढले आणि दोन्ही शब्द दिसायला एक झाले. घोषणा म्हणून श्लेष उत्तम आहे. उत्तरपत्रिकेत मात्र तो व्युत्पत्ती म्हणून लिहू नये.

३. पोथी : अर्थ सांगणारा आणि ऐकणारे

मराठी समाजात सामूहिक वाचनाची सवय छपाईच्या कितीतरी आधीची आहे. श्रीधराचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३) आणि 'पांडवप्रताप' (१७१२) हे ग्रंथ चातुर्मासात गावोगाव लावले जात. हा श्रीधर नाझऱ्याचा. ते गाव सांगोला तालुक्यात, माणदेशातच आहे. पोथीच्या बैठकीची रीत ठरलेली असे. एकाने ओवी वाचायची, बहुधा दुसऱ्याने तिचा अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. अध्याय अर्धवट ठेवायचा नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा स्त्रीपुरुषांना शेकडो ओव्या मुखोद्गत असत त्या या बैठकीमुळे. आज आपण साक्षरतेला वाचनाचा उंबरठा मानतो. पोथीच्या बैठकीला तो उंबरठा नव्हता.

मात्र या व्यवस्थेत अर्थ एकाच्याच हाती होता. ऐकणारा शंका विचारू शकत असे, पण शंकेचे उत्तर आधीच ठरलेले असे. कर्णाची बाजू घेऊन एखादी म्हातारी आवेशाने बोलली तरी ते भावनेच्या भरातले बोलणे समजले जाई. त्याला अन्वयार्थाचा दर्जा मिळत नसे. आधुनिक वाचक मंडळ पोथीपासून सोबत घेते आणि अर्थाची मक्तेदारी नाकारते, असे तत्त्वतः म्हणता येईल. व्यवहारात ही मक्तेदारी सहजासहजी जात नाही, हे आपण पुढे पाहणार आहोत.

४. वाचनालय आले, पण मंडळ?

१८२८ मध्ये रत्नागिरीस आणि १८४८ मध्ये पुण्यास सार्वजनिक वाचनालये स्थापन झाली. पुढे शतकभरात ती तालुक्यांच्या गावी पोचली. वाचनालयाने पुस्तक सर्वांचे केले, वाचन मात्र ज्याचे त्याचे राहू दिले. एकाच प्रतीवर पन्नास माणसांच्या तारखा पडलेल्या असतात आणि त्या पन्नासांतील दोघेही त्या पुस्तकाविषयी एकमेकांशी कधी बोललेले नसतात. सातारा जिल्ह्यातच पाचगणीजवळचे भिलार २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. घराघरांत मांडलेली पुस्तके पाहणे हा आनंदाचा अनुभव आहे; पण पुस्तके जवळ असणे आणि त्यांच्याविषयी बोलणारी माणसे जवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही दरी ओळखून झालेला एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे १९७०च्या दशकात सुरू झालेली 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ. वाचकांनी आगाऊ पैसे भरून सभासद व्हायचे आणि त्या बळावर पुस्तके स्वस्तात काढायची, ही तिची पद्धत. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही आत्मकथने या चळवळीतून आली. संघटित वाचक हा केवळ ग्राहक नसतो, कोणते पुस्तक जन्माला यावे यावरही त्याचा परिणाम होतो, हे यावरून दिसते.

५. रविवारचा चहा

मंडळात बसण्याचे सुख कसे असते, याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे १९२३ मध्ये पुण्यात आकाराला आलेले रविकिरण मंडळ. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमा रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, द. ल. गोखले ही मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत आणि कविता वाचून दाखवीत. यांपैकी यशवंत मूळचे चाफळचे आणि गिरीश साताऱ्याचे. काटेकोरपणे पाहिले तर हे कवींचे मंडळ होते, वाचकांचे नव्हे. तरीही प्रत्येक कवी तेथे आठवड्यातून एकदा इतर सात जणांचा वाचक होत होता, म्हणून ते येथे घेतले आहे.

नवी कविता ताजी असतानाच समजून घेणारे कान मिळणे, आठवडाभर मनात ती बैठक असणे, एकमेकांच्या आग्रहाने नवे छंद हाताळून पाहणे : यातून लिहिण्याची उमेद टिकते. एरवी स्वतंत्रपणे कदाचित विरून गेले असते असे बरेच काही या सोबतीमुळे उभे राहिले. त्याचबरोबर सोबतीचा धोकाही येथेच दिसतो. एकाच वर्तुळात फिरणारी कविता हळूहळू एकसारखी दिसू लागते; परस्परांची वाहवा बाहेरच्याला खटकू लागते. १९२५ च्या 'झेंडूची फुले'मध्ये केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्रे यांनी, समकालीन कवींच्या ज्या लकबींचे विडंबन केले त्यांत या मंडळाच्या लकबी ठळक आहेत. विडंबन हीदेखील एक वाचनपद्धतीच असते. मंडळातील कोणी जे बोलले नाही ते बाहेरच्या वाचकाने हसत हसत बोलून दाखवले. तुमच्या मंडळात सगळे एकमेकांशी नेहमीच सहमत होत असतील, तर अत्र्यांची आठवण ठेवणे बरे.

६. वर्तुळाबाहेर कोण?

न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ मध्ये अशाच सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी पत्राने नकार कळवला. त्यांच्या पत्राचा आशय असा की, जे लोक इतरांना माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेत आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही. हे पत्र मराठी साहित्यव्यवहाराच्या इतिहासात वारंवार चर्चिले जाते. वाचक मंडळाच्या संदर्भातही ते वाचावे. कारण मंडळ काढणारे बहुधा सद्भावनेने म्हणतात, 'सर्वांना दार उघडे आहे.' पण दार उघडे असणे पुरेसे नसते. आत गेल्यावर कोणते पुस्तक निवडले जाईल, कोणाची भाषा प्रमाण मानली जाईल आणि कोणाचे बोलणे मध्येच तोडले जाईल, हे आधीच ठाऊक असेल तर माणूस उघड्या दारातूनही आत येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण दाराच्या आणखी अलीकडची, म्हणजे स्वतःच्या घराच्या उंबरठ्याची होती. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांना जाण्यावरून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा किती रोष पत्करावा लागला, हे रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये लिहून ठेवले आहे. आज असा उघड रोष क्वचित दिसतो. पण संध्याकाळी सात ही वेळ ठरवणारे मंडळ स्वयंपाकाची वेळ कोणाची असते, हे विसरलेले असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : तुमच्या गावी पोथी, भजन, दिवाळी अंकांची देवाणघेवाण यांसारखा सामूहिक वाचनाचा कोणता प्रकार चालतो वा चालत असे? त्यात 'अर्थ सांगणारा' कोण? दहा ओळींत लिहा.

७. औंधमध्ये 'बनगरवाडी' वाचताना

आता एक प्रसंग कल्पू. औंध आणि आसपासच्या गावांतील सात-आठ विद्यार्थ्यांनी मिळून व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचायला घेतली आहे. त्यांत एक अंगणवाडी सेविका आहे, एक निवृत्त पोस्टमन, एक शेतमजुरी करून शिकणारी स्त्री, धनगर कुटुंबातला एक तरुण, पुण्यात नोकरी करून गावी परतलेला एक जण. कादंबरी याच परिसराची आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर तरुण मास्तर नेमला जातो, शाळा सावरतो, गाव मिळून तालीम बांधते, तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात आणि अखेरीस दुष्काळाने वाडी रिकामी होते.

पहिल्या बैठकीत स्थानिक माहितीचा पूर येईल. हे सुख मोठे आहे आणि त्याला कमी लेखू नये. पुण्याहून आलेल्या सभासदाला 'मेंढरं बसवणे' हा शब्दप्रयोग कळणार नाही. तो म्हणेल, मेंढ्या खाली बसवतात की काय. धनगराचा मुलगा सांगेल : खतासाठी शेतकरी आपल्या रानात कळप मुक्कामाला ठेवून घेतो आणि त्याच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. एका साध्या क्रियापदामागे शेतकरी आणि मेंढपाळ यांचा सारा व्यवहार उभा आहे, हे कोणत्याही टीपेपेक्षा त्या मुलाच्या तोंडून अधिक नीट कळते. या क्षणी मंडळातील पायऱ्या उलटतात. ज्याला एरवी आपल्या 'न्हाई', 'येळ', 'वाईच' अशा बोलण्याचा संकोच वाटत असतो, तोच येथे जाणकार ठरतो. भाषाभ्यासक म्हणून माझे मत असे की, ग्रामीण साहित्य बोलीभाषकांच्या सोबतीने वाचल्याखेरीज त्यातील संवादांचा स्वर पुरता ऐकूच येत नाही. संवाद मोठ्याने वाचायला त्यालाच द्यावेत; मजकुराला बोलते करणे म्हणतात ते हेच.

परंतु याच सुखात एक खड्डा आहे. दुसऱ्या बैठकीत राजेसाहेबांच्या प्रसंगावर चर्चा येईल. औंधच्या वाचकाला हा राजा घरचा वाटतो. सूर्यनमस्कारांचा प्रसार, संग्रहालय, १९३९ मध्ये प्रजेला दिलेली जबाबदार राज्यपद्धती, गांधीजींचे त्यासाठीचे मार्गदर्शन, आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर : हे सगळे अभिमानाने सांगितले जाईल आणि अर्धा तास निघून जाईल. सांगितलेले खरे असेल; पण ते कादंबरीत आहे काय? कादंबरीतला राजा हा एका कोवळ्या मास्तरच्या डोळ्यांनी पाहिलेला राजा आहे. त्या भेटीने वाडीच्या जगण्यात काय बदलले आणि दुष्काळ आला तेव्हा त्यातले काय उरले, हा कादंबरीने पुढे ठेवलेला प्रश्न आहे. इतिहासाच्या आठवणींनी तो झाकला जाऊ शकतो. स्थानिक माहिती दार उघडते, तशीच ती दारात आडवीही बसते. कोणीतरी सौम्यपणे विचारले पाहिजे, 'हे कोणत्या पानावर आहे?' वाचक मंडळात हा प्रश्न मीठासारखा असावा : नेहमी, पण बेताने.

तिसरा प्रसंग अधिक अवघड आहे. शेकूचा बैल जातो आणि त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः जुवाला खांदा देते. कोणी म्हणेल, केवढी ही निष्ठा! कोणी म्हणेल, गरिबीचे हे हृदय हेलावणारे चित्र आहे. शेतमजुरी करणारी सभासद कदाचित बराच वेळ काही बोलणार नाही आणि मग विचारील, 'तिला कुणी विचारलं होतं का?' या प्रश्नाने प्रसंग बदलतो. माडगूळकरांचा निवेदक येथे भाष्य करीत थांबत नाही, शांतपणे सांगत जातो. या शांतपणाला काय म्हणायचे : संयम की अंतर? सगळ्यांना पुन्हा ते पान उघडावे लागते. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने म्हटले आहे की, संहितेत रिकाम्या जागा असतात आणि त्या वाचक भरतो. एकटा वाचक त्या जागा आपल्या अनुभवाने इतक्या सहज भरतो की तेथे काही रिकामे होते याचाही त्याला पत्ता लागत नाही. दुसऱ्याने तीच जागा वेगळ्या प्रकारे भरलेली पाहिली की रिकामेपण दिसते. आपल्या परंपरेत 'सहृदय' रसिकाची कल्पना आहे. तिच्यात रसिकाचे मन कवीच्या मनाशी जुळते. वाचक मंडळात आपले मन शेजारच्या वाचकाशी जुळत नाही, आणि त्या न जुळण्यातूनच कृती अधिक कळते. ही गोष्ट संस्कृत काव्यशास्त्राच्या चौकटीत सहज बसत नाही, हे ध्यानात घ्यावे.

८. 'सर, तुमचं चुकतंय' हे मराठीत कसे म्हणावे?

वाचक मंडळाची खरी कसोटी मतभेदात असते आणि मराठीत मतभेद व्यक्त करणे हा व्याकरणाचाही प्रश्न आहे. आपल्याकडे बोलायला तोंड उघडले की आधी नाते ठरवावे लागते. समोरच्याला 'तू' म्हणायचे की 'तुम्ही', 'काका' की 'सर', 'ताई' की 'मॅडम', हे ठरल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. विशीतल्या विद्यार्थिनीने पन्नाशीतल्या निवृत्त शिक्षकाला एकदा 'सर' म्हटले की मंडळाचा वर्ग होतो. सर बोलतात, इतर मान डोलावतात, एखादी जण वहीत उतरून घेते. हेतू कोणाचाच वाईट नसतो. संबोधनानेच काम केलेले असते. पोथीचा अर्थ सांगणारा असा नव्या वेशात परत येतो.

यावर नियम करून फारसा उपयोग होत नाही. औंधसारख्या गावात वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारा, असे सांगणे हास्यास्पद ठरेल. त्यापेक्षा नात्याची संबोधने बरी. 'काका, मला वेगळं वाटलं' हे वाक्य 'सर, मला वेगळं वाटलं' यापेक्षा सोपे जाते. काकांशी वाद घालण्याची सवय घरातून असते, सरांशी घालण्याची नसते. शिवाय क्रमाचा उपाय आहे : सर्वांत कमी शिकलेल्याने, किंवा सर्वांत लहानाने, आधी बोलावे, प्राध्यापक मंडळात असेल तर त्याने सर्वांत शेवटी. प्राध्यापकांना हे जड जाते, हे मी आमच्या व्यवसायाच्या पूर्ण माहितीने लिहीत आहे.

मतभेद दाबणारे आणखी एक वाक्य आपल्याकडे फार लोकप्रिय आहे : 'शेवटी ज्याचं त्याचं मत.' ते सहिष्णुतेचे वाटते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा चर्चा गुंडाळण्यासाठी वापरले जाते. मत ज्याचे त्याचे असले तरी पान सर्वांचे एकच आहे. 'तुमचं मत कशावरून झालं ते दाखवा' असे म्हणता येणे आणि त्याचा राग न येणे, एवढे साधले की मंडळ रुजले असे समजावे.

९. काही व्यावहारिक अडचणी

पुस्तक पुरे न वाचता येणारे सभासद प्रत्येक मंडळात असतात. त्यांना घरी पाठवू नये. पण शेवट सांगू नका अशी अट घालण्याचा हक्कही त्यांना देऊ नये. प्रतींची अडचण खेड्यात खरी असते. दोन प्रतींत आठ जणांचे काम भागवायचे असेल तर बैठकीतच एक प्रकरण मोठ्याने वाचावे. संख्या सहा ते आठ बरी. बारा झाले की तिघे बोलतात. जागा म्हणून ग्रामपंचायतीचे वाचनालय किंवा शाळेची खोली घरापेक्षा सोयीची, कारण घरी बसले की यजमान बाई चहात अडकते आणि चर्चेला मुकते. परीक्षेचे पुस्तक घ्यावे की आवडीचे, यावर वाद होतो. पहिले पुस्तक अभ्यासक्रमातले घ्यावे, दुसरे मुळीच घेऊ नये.

एक अडचण मात्र व्यावहारिक नाही. मंडळात आपले आवडते पुस्तक इतरांना आवडले नाही की मनाला लागते. ज्या कादंबरीने आपल्याला कठीण दिवसांत आधार दिला तिला कोणी 'रडकी' म्हटले, तर ते आपल्यालाच म्हटल्यासारखे वाटते. काही पुस्तके म्हणूनच मंडळात नेऊ नयेत. स्वाध्यायाचा एक कोपरा आपल्यासाठी राखून ठेवण्यात काही गैर नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : 'स्थानिक माहिती दार उघडते, तशीच ती दारात आडवीही बसते.' तुम्ही वाचलेल्या एखाद्या ग्रामीण किंवा दलित साहित्यकृतीच्या आधारे या विधानाची चर्चा करा.

स्वयं-अध्ययन प्रश्न ३ : रविकिरण मंडळाच्या उदाहरणावरून समूहाचे वाङ्मयीन लाभ व तोटे सांगा. तुमच्या मते अधिक वजन कशाला द्यावे?

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा अभ्यासकेंद्रातील चार ते आठ व्यक्तींसह 'बनगरवाडी' किंवा तुमच्या परिसराविषयीची एखादी कादंबरी चार बैठकांत वाचा. सभासद विद्यार्थीच असावेत असे नाही. एखादी अक्षरओळख नसलेली व्यक्ती ऐकण्यासाठी व बोलण्यासाठी आवर्जून बोलवा. प्रत्येक बैठकीत एक सभासद नोंद ठेवील आणि तो त्या दिवशी कमी बोलेल. कोण किती वेळ बोलले, याची अंदाजे नोंदही ठेवा.

त्यानंतर ६०० शब्दांपर्यंत अहवाल लिहा. कथानक सांगण्यात जागा खर्च करू नका. दुसऱ्या कोणाच्या बोलण्यामुळे तुमचा अर्थ जेथे बदलला अशी एक जागा पृष्ठक्रमांकासह द्या. आधी तुम्ही काय समजत होता, त्या व्यक्तीने काय म्हटले आणि पान पुन्हा वाचल्यावर काय दिसले, हे क्रमाने मांडा. सभासदांची खरी नावे लिहू नका. चारही बैठकांत तुमचा अर्थ कोठेच बदलला नसेल, तर तसे लिहा आणि त्याचे कारण पुस्तकात शोधायचे की बैठकीत, याची चर्चा करा. अहवाल संपर्कसत्रात वाचून दाखवायचा आहे, मोठ्याने.